गोळी उतरते तेव्हा

माझ्या मामांच्या टेबलावर चार खणांची एक प्लास्टिकची डबी असते. सहा, दहा, दोन, सहा. सकाळी सहाची गोळी घेतली की साडेसहापर्यंत ते स्वतः चहाचं आधण ठेवतात, दारातून पेपर आणतात, कुंडीतली जास्वंद देवासाठी काढतात. साडेनऊच्या सुमाराला पेपर हातातून घसरायला लागतो. आवाज बारीक होतो, चेहरा कोरा होतो. बाथरूमकडे निघालेले मामा पॅसेजच्या मधोमध थांबतात, पाय फरशीला चिकटल्यासारखे. आतून मामी विचारतात, “अहो, उतरली का?”

उतरली म्हणजे गोळी. ताप उतरतो, नशा उतरते, तशी त्या घरात गोळी उतरते. डॉक्टर याला ‘ऑफ’ म्हणतात. मला मामींचं क्रियापद जास्त अचूक वाटतं, कारण त्या वेळी रक्तातलं काहीतरी खरोखरच उतरलेलं असतं.

पार्किन्सन्सवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या दर आठवड्याला येतात. पंप, पेसमेकर, मूलपेशी, ध्वनिलहरी. त्या वाचून घरच्यांचा गोंधळच वाढतो. तेव्हा एक गोष्ट आधी सांगून टाकतो. या आजारावरचं सर्वांत गुणकारी औषध गेल्या साठ वर्षांत बदललेलं नाही. ते लेव्होडोपा, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत ते सिंडोपा या नावाने ओळखलं जातं. नव्या उपचारांपैकी बहुतेकांची धडपड मामींच्या प्रश्नाशी आहे: गोळी उतरू कशी द्यायची नाही?

गोष्टीची सुरुवात दोन वनस्पतींपासून करता येते. दोन्ही आपल्या ओळखीच्या. एक काढून घेते, दुसरी देते.

काढून घेणारी ती सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब कमी होतो हे मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. औषध चाललं, पण ते घेणारे काही रुग्ण संथ आणि ताठर होऊ लागले, अगदी पार्किन्सन्स झाल्यासारखे. स्वीडनमधल्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन सशांना टोचलं. ससे कान पाडून दगडासारखे बसून राहिले. मग त्यांनी त्याच सशांना लेव्होडोपा टोचलं. काही मिनिटांत कान उभे राहिले आणि ससे हिंडू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत बनणारं डोपामीन म्हणजे दुसरं रसायन बनवताना वाटेत लागणारा कच्चा माल, अशीच तोवर समजूत होती. हालचालीची किल्ली त्याच्याकडे आहे हे त्या सशांनी दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

जाता जाता एक सांगायला हवं. डोपामीनचं काम अडवणारी औषधं आजही सर्रास दिली जातात. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, काही मानसिक आजारांवरची औषधं. त्यांच्यामुळे हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात आणि औषध थांबवल्यावर अनेकदा जातात. म्हणून हात थरथरायला लागला की मेंदूच्या एमआरआयआधी घरातली औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करावी.

दुसरी वनस्पती खाजकुयली. कोकणात किंवा घाटाच्या उतारावर वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यायची गरज नाही. शेंगेवरची ती मखमली लव अंगाला लागली की माणूस नाचतो; वर्गातल्या नावडत्या पोराच्या बाकावर ती टाकणारे महाभाग प्रत्येक शाळेत होऊन गेले. आयुर्वेदात तीच कपिकच्छू, आणि तिच्या बिया कंपवातावर वापरल्या जात. या बियांमध्ये लेव्होडोपा आहे हे १९३७ साली मद्रासच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. बाकल्याच्या शेंगांमधून ते त्याआधीच, १९१३ मध्ये, मार्कुस गुगेनहाइम यांनी बाझेलला वेगळं केलं होतं. त्यांनी अडीच ग्रॅम स्वतःच गिळून पाहिलं आणि भडाभडा ओकले. त्या ओकारीचा अर्थ कळायला जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं.

व्हिएन्नामध्ये ओलेह होर्निकीविच यांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि १९६० साली सांगितलं की पार्किन्सन्सच्या मेंदूत डोपामीन जवळपास संपलेलं असतं. मग सरळ डोपामीनच का देऊ नये? कारण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर कडक पहारा आहे आणि डोपामीनला तिथे प्रवेश नाही. लेव्होडोपाला आहे. ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. अडचण अशी की पोटापासून मेंदूपर्यंतच्या वाटेतच त्यातलं बरंचसं डोपामीनमध्ये बदलून जातं आणि मळमळ सुरू होते. गुगेनहाइम यांची ओकारी ती हीच. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी धीर धरून, अगदी हळूहळू मात्रा वाढवत, रुग्णांना दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत डोपा दिलं, आणि जागेवर खिळलेली माणसं उठून चालू लागली. पुढे त्यात कार्बिडोपाची भर पडली. ते बाहेरचं रूपांतर अडवतं, त्यामुळे ग्रॅमच्या जागी काहीशे मिलिग्रॅम पुरू लागले. गोळीच्या पाकिटावर ११० लिहिलेलं असतं ना, ते १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा.

मग खाजकुयलीचं चूर्णच का घेऊ नये, असं मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. प्रश्न अडाणीपणाचा नाही. मुंबईत १९७०च्या दशकात डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांचं चूर्ण रुग्णांवर तपासलं होतं. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. म्हणजे ती काम करते, यात वाद नाही. तिच्यात औषध तेच आहे. वाद मापाचा आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १६ उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एका मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम लेव्होडोपा होतं तर कुठे २४१. ज्या आजारात अर्ध्या गोळीचा हिशेब लागतो, त्यात हे परवडत नाही. डॉक्टरांना न सांगता गोळीवर चूर्ण घेणारा माणूस नकळत दुप्पट औषध घेत असतो, आणि मग अंग आपोआप वळायला लागलं की आजार वाढला असं समजतो.

आता उतरण्याकडे वळू. आपल्या सोसायटीतली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं, पण गच्चीवर टाकी असली की दिवसभर नळाला पाणी असतं. मेंदूच्या खोडात काळपट पेशींचा एक पट्टा आहे. डोपामीन बनवणं, साठवणं आणि लागेल तसं सोडणं हे त्यांचं काम. त्या पेशी या आजारात मरत जातात. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत बऱ्याच शिल्लक असतात, म्हणजे टाकी बरी असते. दिवसातून तीनदा गोळी घेतली तरी माणूस दिवसभर सुरळीत असतो. पुढे टाकी आटत जाऊन बादलीएवढी उरते. मग नळाला पाणी येईल तेवढ्यापुरतंच पाणी. रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येतं, आणि माणसाची हालचाल आता थेट त्या रक्ताच्या आकड्याला बांधली जाते. पाणी जोरात आलं की हातपाय नको तितके वळवळतात. गेलं की पुतळा. मामांचं साडेनऊचं पॅसेजमधलं थांबणं ते हेच.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की त्यासाठी थांबावंच लागेल. ‘हे औषध पाच वर्षंच चालतं, म्हणून जितकं लांबवता येईल तितकं लांबवा.’ या समजापायी माणसं पन्नाशी-साठीची चांगली वर्षं हात खिशात लपवून काढतात. इटलीच्या संशोधकांनी घानामधल्या रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे लेव्होडोपा मिळायलाच उशीर व्हायचा. इटलीत आजार सुरू झाल्यापासून सरासरी सव्वादोन-अडीच वर्षांत औषध सुरू होई, घानात चार वर्षांनंतर. उशिरा सुरू केल्याने घानाच्या रुग्णांना चढउतार उशिरा सुरू झाले का? नाही. दोन्हीकडे ते आजाराच्या साधारण त्याच वर्षी आले. म्हणजे टाकी आजार आटवतो, गोळी नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांच्या चाचणीनेही सांगितलं की लेव्होडोपा लवकर सुरू केल्याने आजार मंदावत नाही आणि बिघडतही नाही. माझं मत विचाराल तर औषधाच्या भीतीने वाया गेलेली वर्षं हे या आजाराचं सर्वांत टाळण्याजोगं नुकसान आहे.

पाण्याची आणखी एक गंमत म्हणजे वाटेतली गर्दी. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला लेव्होडोपा ज्या दारातून जातं, त्याच दारातून प्रथिनांमधली अमिनो आम्लंही जातात. दुपारी घट्ट वरण, उसळ आणि वर पनीर झालं की दारात रांग लागते आणि दोनची गोळी लागतच नाही. म्हणून ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. प्रथिनं बंद करायची असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यात या आजारात पोटही संथ चालतं. गोळी कधी कधी जठरातच तासभर ताटकळते. बद्धकोष्ठ सुटलं आणि गोळी लागू लागली, हा अनुभव अनेक घरांत ऐकायला मिळतो.

तर मग पोट टाळूनच पाणी आणलं तर? ही कल्पना जुनी आहे. पोटाला भोक पाडून नळीने थेट लहान आतड्यात लेव्होडोपाची जेल सोडणारा पंप युरोपात २००४ पासून आहे. काम चोख, पण शस्त्रक्रिया, नळी, तिची देखभाल आणि खर्च. इन्सुलिनसारखं कातडीखाली का सोडत नाहीत? कारण लेव्होडोपा पाण्यात नीट विरघळतच नाही. दिवसभराचं औषध विरघळवायला जेवढं पाणी लागेल तेवढं कातडीखाली मावणार नाही. रसायनशास्त्रज्ञांनी युक्ती केली. त्यांनी लेव्होडोपाच्या रेणूला फॉस्फेटची शेपटी जोडली. शेपटीसकट ते सहज विरघळतं, आणि शरीरात गेल्यावर आपली विकरं ती शेपटी कापून टाकतात. उरतं जुनंच लेव्होडोपा. हे फॉसलेव्होडोपा. खिशात मावणारा पंप, बारीक सुई, रात्रंदिवस संथ धार. १२ आठवड्यांच्या चाचणीत पंप लावलेल्यांना दिवसातले चांगले तास सरासरी २.७ने जास्त मिळाले, गोळ्यांवर असलेल्यांना सुमारे १ने. जपानमध्ये २०२२च्या अखेरीस आणि अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुईच्या जागी गाठी येणं, जंतुसंसर्ग होणं हे त्याचे काटे. चोवीस तास पाणी या कल्पनेवर पुणेकर पटकन विश्वास ठेवणार नाहीत, पण इथे ते खरोखर जमलं आहे.

दुसरी वाट नळ सोडून थेट वायरिंगची. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे शल्यचिकित्सक अलीम-लुई बेनाबिद कंपाच्या रुग्णाच्या मेंदूतला एक ठिपका जाळणार होते. जागा नक्की करण्यासाठी आधी विजेचा बारीक स्पर्श करून बघायची पद्धत होती. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदनं दिली आणि कंप थांबला. वीज बंद केली, कंप परत. जाळायची गरजच काय, ही तार आत ठेवून दिली तर? यातून डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे लोकांच्या भाषेतला ‘मेंदूचा पेसमेकर’ आला. आता तो भारतातल्या मोठ्या शहरांतही बसवला जातो. नवी गोष्ट अशी की जुनं यंत्र सतत एकसारखी वीज सोडतं, नवं यंत्र मेंदूतल्या लहरी ऐकून वीज कमीजास्त करतं. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पण एक ढोबळ नियम विसरू नये. कंप सोडला, तर जे लक्षण गोळी चांगली लागल्यावर सुधारतं, तेच या यंत्राने सुधारतं. गोळी लागूनही तोल जात असेल, बोलणं अस्पष्ट असेल, विसरायला होत असेल, तर तार घालून ते सुधारणार नाही. हे आधी न सांगितल्यामुळे यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही निराश झालेली घरं मी पाहिली आहेत. कवटी न उघडता ध्वनिलहरींनी ठिपका जाळण्याची पद्धतही आली आहे. कंपावर तिचा गुण तिथल्या तिथे दिसतो, मात्र जाळलेलं परत आणता येत नाही.

आणि टाकीच नवी बांधली तर? स्वीडनमधल्या लुंड इथे १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवून पाहिल्या गेल्या. काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला, पण पुढे अमेरिकेत झालेल्या काटेकोर चाचण्यांत काही रुग्णांची अंगं आवरेनाशी वळू लागली. मग २००८ मध्ये एक विलक्षण गोष्ट उघड झाली. दहा वर्षांहून जास्त जगून पुढे वारलेल्या अशा रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या, वयाने कोवळ्या पेशींमध्येही या आजाराच्या खुणेचे, अल्फा-सिन्युक्लीन प्रथिनाचे गोळे सापडले. म्हणजे आजार शेजारच्या जुन्या पेशींकडून नव्या पेशींमध्ये सरकला असावा. या एका निरीक्षणाने संशोधनाची पुढची पंधरा वर्षं व्यापली.

एप्रिल २०२५ मध्ये नेचरमध्ये दोन अहवाल एकत्र आले. क्योतोच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने प्रयोगशाळेत घडवलेल्या मूलपेशींपासून डोपामीन पेशी तयार करून ७ रुग्णांना बसवल्या. ज्या सहा जणांत परिणाम मोजला त्यांपैकी चौघांची औषधाविनाची हालचाल सुधारली. उत्तर अमेरिकेतल्या १२ जणांवरच्या चाचणीतही पेशी रुजल्याचं स्कॅनवर दिसलं. दोन्हीकडे गाठी झाल्या नाहीत. आनंदाची गोष्ट आहे, पण एकोणीस माणसं म्हणजे एकोणीसच. शिवाय या चाचण्यांत खोटी शस्त्रक्रिया केलेला तुलनेचा गट नव्हता, आणि पार्किन्सन्समध्ये खोट्या औषधाचाही गुण फार दांडगा असतो. नुसत्या आशेने रुग्णाच्या मेंदूत खरंखुरं डोपामीन स्रवतं, हे २००१ साली स्कॅनवर दिसलं आहे. म्हणून आपल्याकडच्या ज्या दवाखान्यांत पार्किन्सन्सवर मूलपेशींची इंजेक्शनं पैसे घेऊन दिली जातात, तिथे पाऊल टाकू नका. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार करणं आयसीएमआरच्या नियमांना धरून नाही, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

आजार मुळातच मंदावणारं औषध? अजून नाही. मधुमेहावरच्या एका औषधवर्गाकडून मोठी आशा होती. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत लिक्सिसेनाटाइड घेणाऱ्यांची हालचाल वर्षभर बिघडली नाही, इतरांची तीन गुणांनी बिघडली. पुढच्याच वर्षी त्याच वर्गातल्या एक्झेनाटाइडच्या १९४ रुग्णांवरच्या ९६ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला आणि काहीही फायदा दिसला नाही. प्रगती निदानात मात्र वेगाने झाली आहे. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात बिघडलेल्या अल्फा-सिन्युक्लीनचं बीज आहे का, हे आता वाढवून बघता येतं. २०२३ मध्ये हजारावर लोकांच्या अभ्यासात या चाचणीने सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. पुढेमागे हात थरथरण्याआधीच, वास येईनासा झाल्याच्या काळात, आजार पकडता येईल. पण पकडून द्यायचं काय, हा प्रश्न सध्या उघडा आहे.

पॅसेजमध्ये थांबलेल्या मामांकडे परत येतो. सपाट फरशीवर अडकणारे मामा जिना मात्र धडाधड चढतात. आधी मला हे नाटक वाटायचं. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांना त्यांच्या काकांमध्ये हेच दिसलं, आणि त्यांनी घराच्या फरशीवर जिन्याचं आभासचित्र चिकटवलं. काका त्यावरून वॉकरशिवाय चालत गेले, आणि चित्र संपलं तिथे थबकले. आपोआप चालण्याची वाट या आजारात बिघडते. डोळ्यांपुढच्या रेषेवर पाय टाकण्याची वाट वेगळी असते, आणि ती बऱ्यापैकी शाबूत राहते. मामींनी पॅसेजमध्ये पावलापावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले आहेत. खर्च एका रिळाचा.

तुमच्या घरात कुणाला पार्किन्सन्स असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीआधी तीन दिवस फ्रिजवर एक कागद लावा. गोळी किती वाजता घेतली, किती वाजता लागली, किती वाजता उतरली, जेवण कधी झालं, अंग नको तितकं कधी वळलं. एवढंच लिहा, आणि कागद दाखवेपर्यंत स्वतःहून एकही गोळी वाढवू नका की बंद करू नका. लेव्होडोपा एकदम तोडणं धोक्याचं असतं. मामींच्या तशा कागदावर डॉक्टरांनी दोन मिनिटं नजर फिरवली. दहाची गोळी नऊला आली, चारच्या पाच वेळा झाल्या आणि डाळ-पनीर रात्रीच्या जेवणात गेलं. नवीन औषध एकही लिहिलं नाही.